जू उतरण्याचा दिवस

ज्येष्ठातली सकाळ होती. साडेपाचला मी नेहमीप्रमाणे खुंटीवरची साखळी काढली. त्या आवाजासरशी वाघ्या रोज दारात येऊन उभा राहतो. त्या दिवशी तो ओट्यावर पडूनच राहिला. शेपटी दोनदा फरशीवर आपटली, पण पुढच्या पायांवर टेकवलेली मान काही उचलली नाही. मी साखळी अडकवली आणि ओढली. तो उठला, चार पावलं चालला आणि फाटकापाशी पुन्हा बसला. मी पुन्हा ओढलं. तेव्हा गळ्यातला पट्टा जरा सरकला आणि खालची कातडी दिसली. दोन बोटं रुंद पट्टीत केस पार झिजलेले, कातडी काळसर, हाताला खरखरीत.

तसली कातडी मी आयुष्यभर पाहत आलो आहे. माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं याच भोकरदन तालुक्यात. 'खांदा आलाय' म्हणत शेतकरी बैल घेऊन यायचे. जू बसतं त्या जागी सूज, कधी चिघळलेली जखम, कधी जुना घट्टा. मी मलम द्यायचो आणि बजावायचो की मलमानं अर्धंच काम होतं, उरलेलं अर्धं तुमच्या हातात आहे, आठ दिवस औत धरू नका. आणि माझ्याच दारातल्या कुत्र्याच्या मानेवर तसाच घट्टा धरत चालला होता, तो मला दिसला नव्हता.

निवृत्तीनंतर साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं. सोबतीला वाघ्या. केळना नदीच्या पुलापर्यंत जायचं, तिथून वळायचं, घरी यायचं. तीन वर्षांत एकही खाडा नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा. माझी चाल, माझी वेळ, माझी वाट; वाघ्या नऊ वर्षांचा झाला आहे, हे त्या हिशेबात कुठंच नव्हतं.

त्या दिवशी मी साखळी परत खुंटीला अडकवली. नातवानं विचारलं, "आबा, आज वाघ्याला सुट्टी?" मी हो म्हणालो, आणि तो शब्द दिवसभर डोक्यात राहिला. आपल्या माणसांनी जनावराच्या सुट्टीचा विचार फार पूर्वी केलेला आहे. तो कसा केला, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र आता, या ओट्यावर बसून लावायला लागलो.

आमच्या घरी सोन्या आणि राजा अशी बैलजोडी होती. वडील अमावास्येला औत धरत नसत. "आज आवस हाय," एवढंच म्हणायचे, कारण सांगायचे नाहीत. काही घरं महादेवाचा वार म्हणून सोमवार पाळत. नागपंचमीला तर नांगर-वखर मातीला लावायचाच नाही. खणायचं नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही. पोरवयात मला हे सगळं देवाच्या भीतीचं वाटायचं. एका पावसाळ्यात मात्र मी वडिलांना पाहिलं. मृग चांगला बरसून उघडला होता, रान वापशावर आलं होतं, शेजाऱ्याची तिफण बाहेर पडायच्या बेतात होती आणि नेमकी त्या दिवशी अमावास्या. वापसा गेला तर पेरणी लांबते. वडील बांधावर जाऊन माती मुठीत दाबून आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. तिफण काही जुंपली नाही. बैल दिवसभर लिंबाखाली रवंथ करत बसले.

आज मला त्या रिवाजातलं शहाणपण दिसतं. सुट्टी कधी द्यायची हे शेतकऱ्याच्या मर्जीवर सोडलं असतं तर ती कधीच मिळाली नसती. घाईच्या दिवसांत प्रत्येकाजवळ बैल जुंपायला चांगलं कारण असतं. म्हणून दिवस पंचांगात बांधून टाकला. अमावास्येशी घासाघीस करता येत नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीनं तिथी बोलते.

या सगळ्या दिवसांचा राजा म्हणजे पोळा. आमच्याकडे तो श्रावणी अमावास्येला, पिठोरीला येतो. खाली कोल्हापूर-सांगलीकडं बेंदूर असतो, तो आषाढात. तिथी वेगळी असली तरी हिशेब शेताचाच. श्रावण सरेपर्यंत आमच्या भागात पेरणी होऊन गेलेली असते, कोळपणी उरकत आलेली असते, कपाशी-ज्वारी कंबरेला लागलेली असते. बैल दोन-अडीच महिने सलग राबलेला असतो आणि पुढच्या रब्बीच्या मशागतीला अजून अवकाश असतो. त्या फटीत पोळा बसवला आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी. मला मिरवणुकीपेक्षा ही संध्याकाळ जास्त आठवते. वडील पितळी वाटीत लोणी आणि हळद कालवायचे. आई चुलीवर पाणी कोमट करून द्यायची. वडील सोन्याच्या उजव्या अंगाला उभे राहायचे, फडक्यानं खांदा शेकायचे, मग लोणी-हळदीचा हात फिरवायचे. आधी तळहातानं, नंतर अंगठ्यानं, जुवाच्या घट्ट्याच्या कडेकडेनं. सोन्या हळूहळू मान खाली सोडायचा, डोळे अर्धे मिटायचा. कुठं दुखतं ते वडिलांच्या बोटाला आपोआप कळायचं, कारण तिथं कातडी थरथरायची. वर्षभर जिथं जू ठेवलं, तिथंच हात ठेवायचा. मग त्याच्या कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचे. पाहुण्याला देतात तसं, मान राखून.

दुसऱ्या दिवशी जुनी वेसण, जुना कासरा, जुनी म्होरकी काढून टाकायची. केळनेच्या पाण्यात अंघोळ. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, गोंडे, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. दिवेलागणीच्या आधी सगळे बैल मारुतीपुढं, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली. मंगलाष्टका व्हायच्या, मानाचा बैल पुढं निघायचा आणि तोरण तुटायचं. घरी आल्यावर पाय धुऊन पुरणपोळीचा घास. सालदारालाही त्या दिवशी नवे कपडे आणि गोडाचं जेवण; बैलाच्या सुट्टीत त्याचीही सुट्टी होती.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोळ्याला बैल गोठ्यात बांधून ठेवत नाहीत. तो त्या दिवशीही चालतो, गावभर चालतो. फक्त पाठीमागं औत नसतं, खांद्यावर जू नसतं आणि पाठीवर पराणी नसते. म्हणजे जुन्या माणसांना सुट्टीचा अर्थ नुसतं पडून राहणं असा अभिप्रेत नव्हता. रोज जे अंगावर असतं ते एक दिवस उतरवणं, हा अर्थ होता.

हा रिवाज आमच्या मातीत इतका मुरला यालाही कारण आहे. हे गाव बैलांच्या खुरांवर उभं राहिलं. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडं जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं सातवाहनकालीन नगर. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या माणसांची नोंद आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि रमेश गुप्ते या अभ्यासकांच्या त्या कामात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खालचा भाग सापडला. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्याचं साम्य अभ्यासकांनी नोंदवलं आहे. इथल्या हस्तिदंताची चर्चा होते, मणी-शंखांची होते. तो माल वाहिला कुणी, हे फारसं कुणी बोलत नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात, 'पेरिप्लस'मध्ये, पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातो असं लिहिलं आहे, आणि भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. ते वीस दिवस कुणाच्या तरी खांद्यावर मोजलेले होते.

तोच हिशेब पुढंही चालू राहिला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आर्थर वेलस्ली उभा होता. मराठ्यांच्या तोफांनी त्याच्या तोफा ओढणारे बैलच मारले आणि तोफा जागच्या जागी अडकल्या. वेलस्लीच्या त्या मोहिमांच्या पत्रव्यवहारात बैलांची काळजी पुन्हा पुन्हा येते; बैल टिकले तर फौज हलते, हे तो जाणून होता. आम्ही शाळेत त्या लढाईतले सेनापती पाठ केले. त्या दुपारी जुवाखाली पडलेले बैल मला नोकरीत आल्यावर, असईच्या शिवारात लसीकरणाला गेलो तेव्हा आठवले.

आजोबा सांगायचे ते तर त्या मानानं कालचंच. जालन्याला रेल्वे आल्यावर आमच्याकडचा कापूस बैलगाड्यांतून जालन्याला जायचा. वाटेत राजूरला गणपतीच्या पायथ्याशी मुक्काम. बैल सोडले की आधी त्यांना पाणी, वैरण, मग माणसांची भाकरी. हा क्रम मोडणाऱ्या गाडीवानाला बाकीचे गाडीवान आपल्यात जेवायला बसू देत नसत, असं आजोबा सांगत.

शास्त्रांनीही या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. शेतीवरच्या जुन्या 'कृषिपराशर' ग्रंथात नांगराची प्रतच बैलांच्या संख्येवर लावली आहे. आठ बैल राखणाऱ्याचा नांगर धर्माचा, सहांचा चरितार्थापुरता, चारांचा निर्दयांचा आणि दोनांचा सगळ्यांत खालचा. बैल जास्त असले की पाळी लागते, आणि पाळी लागली की विसावा मिळतो. 'पराशरस्मृती' सांगते की भुकेला, तहानलेला, थकलेला बैल जुंपू नये. गरीब कोरडवाहू शेतकऱ्याला आठ बैल कुठून परवडणार? त्यानं आपल्या दोन बैलांना अमावास्या दिली आणि पोळा दिला. जे त्याच्या हातात होतं ते त्यानं दिलं.

आता कुत्र्याकडं वळतो. आमच्या पंचांगात त्याचाही दिवस आहे. वसुबारस गाई-वासराची, दसरा घोड्याचा, पोळा बैलाचा, तशी चंपाषष्ठी खंडोबाची आणि त्याच्या कुत्र्याची. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला घरोघर बाजरीचे रोडगे आणि वांग्याचं भरीत होतं. चातुर्मासात बंद असलेले वांगी-कांदे त्या दिवशी पुन्हा ताटात येतात. आमच्या घरी तळी भरून झाली की आई रोडग्याचा पहिला तुकडा भरतासकट दारातल्या कुत्र्याला घालायची. तो खाईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. खंडोबाला वाहिलेला भक्त स्वतःला देवाचा कुत्रा मानतो, त्यालाच वाघ्या म्हणतात. माझ्या कुत्र्याचं नाव तिथून आलं. सातारच्या शाहू महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला बांधली, ती आजही आहे. म्हणजे मान होता, प्रेम होतं. पण बैलाला जसा जू उतरण्याचा दिवस होता, तसा कुत्र्याला लागलाच नाही. गावच्या कुत्र्याच्या गळ्यात काही नव्हतंच. तो धनगराच्या मेंढरांमागं चालायचा, खळ्यावर राखणीला असायचा, उकाड्यात रांजणाखालच्या ओलीत पडायचा. कधी चालायचं आणि कधी पडायचं, हे त्याचं तो ठरवायचा. त्याच्या गळ्यात पट्टा आणि साखळी आली ती आमच्या सिमेंटच्या घरांबरोबर आणि फाटकांबरोबर. नवं जू आलं, त्याची अमावास्या मात्र कुणी नेमली नाही.

खंडोबाचा वार रविवार. या वारानं माणसांनाही सुट्टी मिळवून दिली आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सभा घेतल्या, सुमारे ५,५०० सह्यांचं निवेदन पुढं केलं. रविवार खंडोबाचा वार आहे, तो कामगारांना मोकळा हवा, हा त्यांचा युक्तिवाद सांगितला जातो. १० जून १८९० पासून गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली. मला यात खेड्यातला रिवाज शहरात गेलेला दिसतो. बैलाला वार पाळणाऱ्या गावांतूनच ती माणसं गिरणीत गेली होती. वार-तिथीला जू उतरतं, हे त्यांना आईबापांच्या घरीच ठाऊक होतं.

कायदा फार नंतर आला. नोकरीत तो मला पाठ करावा लागला. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम. त्यात दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये विसावा दिल्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जात असेल तिथं दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही, असं आहे. याच १९६० च्या कायद्यात कुत्र्याविषयीही कलम आहे. कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला धन्यानं पुरेसं फिरवलंच पाहिजे. न फिरवणं हा गुन्हा आहे.

ही दोन्ही कलमं मी वर्षानुवर्षं वेगवेगळी वाचली. एकात जनावराला थांबवा म्हटलं आहे, दुसऱ्यात चालवा. वाघ्याच्या मानेवरचा घट्टा पाहिल्यानंतर ती मला एकच वाटायला लागली. बैलावर रोज चालण्याचं ओझं असतं, म्हणून त्याला थांबू द्या. बांधलेल्या कुत्र्यावर थांबण्याचं ओझं असतं, म्हणून त्याला चालू द्या. आणि माझ्या वाघ्यासारख्या कुत्र्यावर, ज्याला रोज ठरल्या वेळी ठरल्या वाटेनं दुसऱ्याच्या चालीनं ओढलं जातं, त्याच्यावर त्या वाटेचंच ओझं होतं. फिरणं त्याच्या गरजेचं आहे, हे मी कुणालाही सांगेन. पण उन्हाळ्यात डांबर तापतं आणि तळवे भाजतात. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे पावसाळी हवेत आखडतात. दिवाळीत फटाक्यांनी रात्रभर थरथरलेला कुत्रा सकाळी बाहेर पाय टाकत नाही. अशा दिवशी साखळी ओढणं म्हणजे खांदा आलेला बैल जुंपणं. आणि माझी साखर कमी करायची असेल तर मी एकटाही चालू शकतो. चालायला मला सांगितलं होतं, वाघ्याला नव्हे.

पॉम्पेईचा उल्लेख वर केला. आमच्या हस्तिदंती मूर्तीसारखी मूर्ती ज्या नगरात सापडली, तिथं १८७४ मध्ये राखेतल्या एका पोकळीत प्लॅस्टर ओतलं गेलं आणि त्यातून कुत्रा निघाला. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखी फुटला तेव्हा तो साखळीला बांधलेला होता. गळ्यात धातूच्या गुंड्यांचा पट्टा, चारही पाय वर, अंग पिळवटलेलं. त्याचं चित्र मी एका पुस्तकात पाहिलं होतं. ज्येष्ठातल्या त्या सकाळनंतर ते पान पुन्हा उघडलं आणि बराच वेळ त्या पट्ट्याकडंच बघत राहिलो.

गेल्या पोळ्याला आमच्या घरी बैल नव्हते. आता बऱ्याच घरी नाहीत. रानात ट्रॅक्टर आहे आणि पाटावर मातीचे बैल आहेत. २०२० मध्ये कोरोनानं, २०२३ मध्ये लम्पीनं अनेक गावांचा पोळा घरातच राहिला. तशात ज्यांनी गोठ्याच्या आत, मिरवणुकीविना बैलांचे खांदे शेकले, त्यांनी सणाचा गाभा राखला असं मला वाटतं.

गेल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सुनेनं मातीच्या बैलांना हळद लावली. मी कोमट पाण्यात लिंबाचा पाला टाकून ओट्यावर बसलो आणि वाघ्याचा पट्टा सोडला. फडकं पिळून मानेवर ठेवलं. आधी तो दचकला, मग त्यानं मान माझ्या मांडीवर सोडली. अंगठा घट्ट्याच्या कडेनं फिरवताना एका ठिकाणी कातडी थरथरली. तिथं मी हात थांबवला, वडील थांबवायचे तसा. झिजलेल्या जागी बारीक लव उगवायला लागली होती. नातू शेजारी उकिडवा बसून पाहत होता. म्हणाला, "आबा, उद्याचं आवतण द्या ना त्याला." मी वाकून दिलं.

पोळ्याच्या सकाळी साडेपाचला मी फाटक उघडं ठेवलं आणि साखळीला हात लावला नाही. वाघ्या उठला, बाहेर गेला, समोरच्या लिंबाच्या बुंध्याशी बराच वेळ हुंगत राहिला. केळनेच्या वाटेकडं एकदा पाहिलं. मग परत येऊन ओट्यावर, उन्हाचा पहिला पट्टा पडतो तिथं, अंग टाकलं. मी चप्पल घातली आणि एकटाच पुलाकडं निघालो.

आता दर अमावास्येला आमच्या घरी हा नेम आहे. खुंटीवरच्या साखळीला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. एखाद्या आवशीला वाघ्या स्वतःच फाटकाबाहेर थांबून माझी वाट बघतो. मग आम्ही दोघं त्याच्या चालीनं, तो नेईल तिकडं जातो.